तीन पॉइंट की पावणेतीन तास

२०२२ च्या उन्हाळ्यात सुएला ब्रेव्हरमन यांची गाडी वेगमर्यादा ओलांडताना पकडली गेली. तेव्हा त्या ब्रिटनच्या अ‍ॅटर्नी जनरल होत्या, म्हणजे सरकारच्या कायदेविषयक सल्लागारांमध्ये सर्वांत वरच्या. (वडिलांकडून त्यांचं मूळ गोव्याचं, माहेरचं आडनाव फर्नांडिस.) त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. दंड भरून लायसन्सवर तीन पेनल्टी पॉइंट घ्यायचे, किंवा इतर चालकांसोबत बसून 'स्पीड अवेअरनेस कोर्स' करायचा. दरम्यान त्या गृहमंत्री झाल्या. पोलीस खातं त्यांच्या अखत्यारीत आलं. मग त्यांनी अधिकाऱ्यांकडे चौकशी केली की हा कोर्स सगळ्यांबरोबर न करता एकटीला खासगीत करता येईल का? हे आपलं काम नव्हे, असं म्हणून अधिकाऱ्यांनी अंग काढून घेतलं. शेवटी बाईंनी दंड भरला आणि पॉइंट घेतले. मे २०२३ मध्ये बातमी फुटली, आठवडाभर गदारोळ झाला आणि मंत्र्यांच्या आचारसंहितेचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा पंतप्रधान ऋषी सुनक यांनी दिला.

देशाच्या गृहमंत्रीणबाईंना जो कोर्स नकोसा वाटला, तो ब्रिटनमध्ये दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक स्वतःहून पैसे भरून करतात. त्यांची निवड बरोबर की बाईंची, हे ठरवायचं तर आधी ही यंत्रणा कशी चालते ते पाहायला हवं. तिच्यात बारीक अक्षरातल्या अटी पुष्कळ आहेत, आणि माणसं सापडतात ती तिथेच.

कॅमेऱ्याने फोटो काढला की पहिलं पत्र येतं ते खटल्याच्या पूर्वसूचनेचं. गाडी सरकारदरबारी ज्याच्या नावावर आहे, त्याच्या पत्त्यावर ते गुन्ह्यापासून १४ दिवसांच्या आत पोचायला हवं. गाडी लीजवर किंवा कंपनीची असेल, तर ही १४ दिवसांची अट कंपनीला आलेल्या पत्राला लागू होते. तुमच्या हाती ते महिन्याभराने पडलं म्हणून बाद ठरत नाही. या पत्रात कोर्सचं नाव नसतं, दंडाचा आकडाही नसतो. एकच गोष्ट विचारलेली असते: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याच्या कलम १७२ प्रमाणे २८ दिवसांत याचं उत्तर द्यावं लागतं. न दिल्यास तो वेगळा गुन्हा होतो, आणि त्याला मूळ गुन्ह्याच्या दुप्पट म्हणजे सहा पॉइंट आणि १,००० पौंडांपर्यंत दंड असतो. वेगाचे तीन आणि गप्प बसण्याचे सहा, असा तिथला हिशेब आहे.

आपल्याकडे ई-चलान गाडीच्या नंबरवर फाटतं, पैसे भरले की विषय मिटतो. ब्रिटिश व्यवस्थेला गाडीत रस नाही, तिला चालक हवा असतो. म्हणून सगळं घोडं या पहिल्या उत्तरापाशी येऊन अडतं.

चालकाचं नाव कळलं की दुसरं पत्र निघतं आणि निवडीचा प्रश्न उभा राहतो. अर्थात तो सगळ्यांपुढे उभा राहत नाही. पोलिसांच्या मार्गदर्शक तक्त्याचा साधा हिशेब असा: मर्यादेवर दहा टक्के आणि वर दोन मैल, इथून कारवाई सुरू होते. दहा टक्के आणि वर नऊ मैल, इथपर्यंत कोर्स देता येतो. ताशी ३० मैलांच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरच्या रस्त्यावर ३५ ते ४२ मैल वेगाला कोर्स मिळू शकतो. ४३ झाले की कोर्सचं दार बंद. उरतो १०० पौंड दंड आणि तीन पॉइंट. ५० पासून पुढे सरळ कोर्टाचं समन्स. ताशी २० मैलांच्या गल्लीत हीच खिडकी २४ ते ३१ ची, आणि ७० मैलांच्या मोटरवेवर ७९ ते ८६ ची.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये, असा नियमच आहे. जास्त दाखवला तर चालतो, आणि बहुतेक गाड्या थोडा जास्तच दाखवतात. त्यामुळे कॅमेऱ्यात खरोखर ३५ नोंदले गेले असतील, तर तुमच्या काट्यावर बहुधा ३६-३७ दिसत असणार. 'काटा जरासा पुढे गेला असेल' ही सबब त्यामुळे लंगडी पडते.

तरीही कोर्स मिळणं हा हक्क नाही. तो द्यायचा की नाही हे पोलीस ठरवतात. आधीच्या तीन वर्षांत असाच कोर्स झाला असेल तर पुन्हा मिळत नाही, आणि ही तीन वर्षं मोजतात आधीच्या गुन्ह्याच्या तारखेपासून नव्या गुन्ह्याच्या तारखेपर्यंत. कोर्सची तारीख धरून हिशेब करणारे फसतात. शिवाय गुन्हा स्कॉटलंडच्या रस्त्यावर घडला असेल तर हा पर्याय नाहीच. तिथल्या पोलिसांनी वेगासाठी ही पद्धत आजवर स्वीकारलेली नाही. लंडनहून एडिंबरोला गाडीने निघालेल्या माणसाला सीमेच्या अलीकडे कोर्स आणि पलीकडे पॉइंट, असा हा मामला आहे.

आता पैशाकडे वळू. कोर्सची फी भागाभागाप्रमाणे बदलते, पण ती साधारण दंडाच्या आसपासच असते, कुठे थोडी कमी, कुठे जवळपास तेवढीच. म्हणजे आजच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक नाही. फरक आहे तो मागे राहणाऱ्या शेपटाचा. पॉइंट चार वर्षं नोंदीवर राहतात आणि त्यांतली तीन वर्षं ते बेरजेत धरले जातात. तीन वर्षांत बारा झाले की किमान सहा महिने गाडीला हात लावता येत नाही. विमा कंपन्या तर मागच्या पाच वर्षांचं विचारतात, कारण अशी नोंद कायद्याने 'जुनी' ठरायला पाच वर्षं जावी लागतात. १०० पौंड एकदाच जातात, विम्याचा वाढीव हप्ता मात्र दर नूतनीकरणाला समोर येतो. ज्याचा विमा आधीच महाग आहे, म्हणजे तरुण, नवशिके आणि मोठ्या शहरातल्या दाट वस्तीत राहणारे, त्याला हा फटका जोरात बसतो.

कोर्स केला तर लायसन्सवर काहीच येत नाही. ती शिक्षा धरली जात नाही. 'मागच्या पाच वर्षांत काही गुन्हा, काही पॉइंट?' असं विमा कंपनीने विचारलं, तर 'नाही' हे खरं उत्तर आहे. पण काही कंपन्या 'स्पीड अवेअरनेस कोर्स केला आहे का?' असंही थेट विचारतात. तिथे खोटं बोलू नये. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने विचारलेल्या प्रश्नाला काळजीपूर्वक खरं उत्तर देण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकली आहे. खोटं उघडकीला आलं तर ऐन अपघाताच्या वेळी दावा अडकतो. अर्थात जे विचारलंच नाही ते आपण होऊन सांगत बसायचं कारण नाही.

गाडीवाल्यांच्या गप्पांमध्ये एक युक्तिवाद हटकून निघतो. कोर्स तीन वर्षांतून एकदाच मिळतो ना? मग आत्ता पॉइंट घ्यावेत आणि कोर्स अडीअडचणीला शिल्लक ठेवावा. ऐकायला हुशारीचं वाटतं, पण मांडून पाहा. पुढच्या तीन वर्षांत तुम्ही पुन्हा पकडले गेला नाहीत, तर कोर्स करणाऱ्याकडे शून्य पॉइंट आणि शिल्लक ठेवणाऱ्याकडे तीन. पुन्हा पकडले गेलात, तर एकाने आधी कोर्स आणि मग पॉइंट घेतले, दुसऱ्याने आधी पॉइंट आणि मग कोर्स. दोघांचेही तीनच. दुसऱ्याचे पॉइंट थोडे आधी संपतील, एवढाच काय तो त्याचा फायदा. आणि पुढच्या वेळी वेग कोर्सच्या खिडकीबाहेर गेला, तर राखून ठेवलेला कोर्स वापरता येणारच नाही आणि हिशेब सहावर जाईल. म्हणजे कोर्स राखून ठेवण्यात शहाणपण नाही. मी तर म्हणेन, जो माणूस पुढच्या गुन्ह्याची तजवीज आजच करतोय, त्याला कोर्सची गरज सर्वांत जास्त आहे.

प्रत्यक्ष कोर्समध्ये काय असतं? कोविडच्या आधी एखाद्या हॉटेलच्या सभागृहात वीस-पंचवीस माणसं अर्धा दिवस बसत. २०२० पासून बहुतेकांचा कोर्स घरच्या लॅपटॉपवर होतो. पावणेतीन तासांच्या आसपास, मोजकी माणसं, सगळ्यांचे कॅमेरे सुरू. सुरुवातीला ओळखपत्र दाखवायचं. उशीर केला तर प्रवेश नाही, कोर्स चालू असताना फोनवर बोलणं नाही, गाडीत बसून हजेरी लावणं तर नाहीच. शेवटी परीक्षा नसते, पण तोंडाला कुलूप लावूनही चालत नाही. चर्चेत भाग घेतला नाही तर कोर्स पूर्ण झाल्याची नोंद होत नाही, आणि प्रकरण पुन्हा खटल्याच्या वाटेला लागतं.

बहुतेक जण येतात ते तोंड वाकडं करून. आपण धोकादायक चालक आहोत असं कोणालाच वाटत नसतं. मग शिकवणारा पहिला साधा प्रश्न टाकतो: दिव्यांचे खांब आहेत, पण वेगमर्यादेची पाटी नाही, अशा रस्त्यावर मर्यादा किती? वीस-वीस वर्षं गाडी चालवणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. उत्तर आहे ३०. इंग्लंडमध्ये दिव्यांचे खांब १८३ मीटरपेक्षा जास्त अंतरावर नसतील आणि दुसरी पाटी नसेल, तर तो रस्ता ३० चा. तिथे आठवण करून देणाऱ्या पाट्या मुळात लावतच नाहीत, खांब हीच पाटी. वेल्समध्ये मात्र सप्टेंबर २०२३ पासून अशा रस्त्यांची मर्यादा २० वर आली. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरपी पट्टी असलेली पाटी दिसली की मनाला येईल तशी पळवा, असाही अनेकांचा समज असतो. तिचा अर्थ आहे साध्या रस्त्यावर ६० आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७०. त्यातही व्हॅन असेल तर दोन्हीकडे दहा-दहा कमी.

मग येतं ब्रेकचं गणित. ते सगळ्यांना हलवतं. ब्रिटिश हायवे कोडमधले आकडे घेऊ. ताशी ३० मैलांवर थांबायला २३ मीटर लागतात. त्यातले ९ मीटर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गेलेले असतात, उरलेल्या १४ मीटरमध्ये गाडी थांबते. ताशी ४० मैलांवर १२ मीटर विचारात जातात आणि २४ ब्रेकमध्ये, एकूण ३६. आता दोन गाड्या शेजारी शेजारी धावताहेत असं समजा, एक ३० ने, दुसरी ४० ने. समोर पोर धावत आलं. दोघांनीही एकाच क्षणी पाहिलं. पहिली गाडी २३ मीटरवर थांबली. त्याच जागी दुसरीचे ब्रेक जेमतेम ११ मीटर लागलेत, १३ मीटर अजून बाकी आहेत. वेगाचा वर्ग ब्रेकच्या अंतराच्या प्रमाणात घटतो, म्हणून हिशेब केला तर तिथे तिचा वेग निघतो ताशी सुमारे २९ मैल. म्हणजे पहिली जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरी अजून पहिलीच्या मूळ वेगाने धावते आहे. '३० आणि ४० मध्ये फरक दहाचाच ना' म्हणणारा माणूस इथे गप्प होतो.

उपदेशाबरोबर काही कामाच्या युक्त्याही मिळतात. ३० च्या रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ही सर्वांत गाजलेली. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये आजच्या गाड्या नकळत ४० गाठतात, तिसऱ्यात इंजिनच घरघरून सांगतं.

ही पद्धत काही एका रात्रीत उगवली नाही. रस्ते वाहतूक कायद्याचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या पीटर नॉर्थ यांच्या समितीचा अहवाल १९८८ साली आला. चुकलेल्या चालकाला नुसता दंड करण्यापेक्षा पुन्हा शिकवावं, या विचाराला त्यातून बळ मिळालं. १९९० च्या दशकात काही परगण्यांनी प्रयोग केले आणि पुढे त्याचं देशव्यापी रूप झालं. त्याचा उपयोग होतो का, हे परिवहन खात्याने इप्सॉस मोरी या संस्थेकडून तपासून घेतलं. २०१८ साली तो अहवाल आला. १४ लाख चालकांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. ज्यांनी कोर्स केला, ते पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा वेगासाठी पकडले जाण्याची शक्यता १२ ते २३ टक्क्यांनी घटली होती. दंड आणि पॉइंटपेक्षा हा परिणाम जास्त. पण त्याच अहवालात आणखी एक वाक्य आहे, जे कोर्सचे पुरस्कर्ते सहसा पुढे करत नाहीत: जखमी होण्याच्या अपघातांवर कोर्सचा काही परिणाम झाल्याचं आकडेवारीने सिद्ध झालं नाही. अपघात मुळातच विरळ घडतात, त्यामुळे एवढ्या नोंदींतूनही तो फरक दिसणं अवघड असतं. म्हणून कोर्स निरुपयोगी आहे असा अर्थ मी काढणार नाही. कोर्समुळे हजारो जीव वाचले, असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवणार नाही.

टीकाकारांचा रोख पैशावर असतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. दंडाचे १०० पौंड सरकारी तिजोरीत जातात. कोर्सच्या फीमधला ठरावीक वाटा मात्र खर्चापोटी स्थानिक पोलिसांना मिळतो. म्हणजे ज्यांनी कॅमेरे चालवायचे, त्यांनाच माणूस कोर्सला गेला तर काही मिळतं आणि दंड भरून मोकळा झाला तर काही नाही. यात बदमाशी आहे असं मी म्हणत नाही, पण असा सांधा उघडा ठेवला की संशयाला जागा राहतेच. जाता जाता: ब्रिटनच्या रस्त्यांवरचे पिवळे 'गॅट्सो' कॅमेरे ज्याच्या नावाने ओळखले जातात, तो मॉरिस गॅट्सोनिडेस हा डच माणूस १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला शर्यतपटू होता. वळणावरचा आपलाच वेग मोजून तो वाढवता यावा म्हणून त्याने हे यंत्र बनवलं होतं.

आता ज्यांच्यासाठी हे प्रकरण मुख्यतः लिहिलं, त्यांच्याकडे येऊ. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर तिथे वास्तव्याचं पहिलं वर्ष गाडी चालवता येते. नंतर ते चालत नाही, आणि बदलूनही मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. समजा, पंधरा वर्षं सिंहगड रोडवर गाडी हाकलेला एखादा गृहस्थ स्लाउ किंवा मिल्टन कीन्सला गेला, पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाला. कायद्याच्या नजरेत तो त्या दिवसापासून नवशिका. १९९५ च्या नव्या चालकांच्या कायद्याप्रमाणे पुढच्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं. बारा नाहीत, सहा. रद्द झाल्यावर पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात, पुन्हा दोन्ही परीक्षा, आणि परीक्षेच्या तारखेसाठी पुन्हा रांग. गुन्हा दोन वर्षांच्या आत घडला असेल तर पॉइंट नंतर चढले तरी मोजले जातात. परीक्षेआधी शिकाऊ परवान्यावर मिळालेलेही सुटत नाहीत.

या माणसासाठी कोर्स की पॉइंट, हा प्रश्नच उरत नाही. तीन पॉइंट घेतले की त्याची अर्धी मर्यादा संपली. त्याने देऊ केलेला कोर्स डोळे मिटून घ्यावा, वेळेत तारीख पक्की करावी आणि त्या दिवशी दहा मिनिटं आधी लॉगिन करावं. इतरांनाही माझा सल्ला कोर्सचाच. गुन्हा आपण केलाच नाही अशी खात्री असेल तर कोर्टात जावं, पण ती वेगळी वाट आहे. कोर्स घेणं म्हणजे आपणच चालक होतो हे मान्य करणं. ब्रेव्हरमनबाईंनी पॉइंट घेतले त्यात बेकायदा काही नव्हतं, पण सौदा वाईट होता. चारचौघांत बसण्याचा संकोच टाळण्यासाठी त्यांनी जो मार्ग धरला, त्याने सगळ्या देशाला गोष्ट कळली.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये: पॉइंट दुसऱ्याच्या नावावर ढकलणं. आपल्याकडे 'सांग की बायको चालवत होती' हे सहज बोललं जातं. तिथे ते किती महागात पडतं पाहा. क्रिस ह्यून हे ब्रिटनमधले मोठे राजकारणी. मार्च २००३ मध्ये एम-११ मोटरवेवर त्यांची गाडी कॅमेऱ्यात सापडली. लायसन्सवर आधीच नऊ पॉइंट, आणखी तीन म्हणजे बंदी. पत्नी विकी प्राइस यांनी गाडी आपण चालवत होतो असं लिहून दिलं. पुढे ह्यून मंत्री झाले, संसार मोडला आणि २०११ मध्ये गोष्ट वर्तमानपत्रांत आली. न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल मार्च २०१३ मध्ये दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. मंत्रिपद त्याआधीच गेलं होतं, खासदारकीही गेली. तीन पॉइंट वाचवण्याची ही किंमत.

ब्रिटनमध्ये नवख्या मराठी माणसाला धोका असतो तो यापेक्षा साध्या गोष्टीचा. भाड्याचं घर सहा-आठ महिन्यांत बदलतं, गाडीच्या कागदावर पत्ता जुनाच राहतो. पूर्वसूचना त्या जुन्या घरी पडून राहते, २८ दिवस उलटतात आणि ज्याला कोर्स मिळाला असता, त्याच्या हाती कलम १७२ चे सहा पॉइंट येतात. नव्या लायसन्सवर तेवढे पुरे. म्हणून घर बदललंत की लायसन्स आणि गाडीची नोंदणी, दोन्हीवरचा पत्ता डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, आधी बदलून घ्या. ऑनलाइन होतं आणि त्याला एक पेनीही पडत नाही.